गंड्याखालची तार

फडक्यातून माझ्या उजव्या तर्जनीत काहीतरी शिरले. सुईएवढे, पण सुईहून आडमुठे: सुई सरळ जाते आणि सरळ परत येते, हे आत जाऊन किंचित वळले आणि मगच सुटले. मी हात मागे घेतला. पेरावर रक्ताचा थेंब आला, मोहरीएवढा, घाई नसलेला. दुपारचे पावणेतीन वाजले होते, जिमचे शटर अर्धे ओढलेले होते आणि सोळा यंत्रांपैकी अकरा पुसून, आवळून, तपासून झाली होती. हे बारावे. याच्या माथ्यावरून एक लांब दांडा लोंबतो. माणसाने बाकावर बसायचे, दोन्ही हातांनी दांडा धरायचा आणि मानेमागे खाली ओढायचा. मग प्लास्टिकचे आवरण असलेली पोलादी तार दोन चाकांवरून फिरून पाठीमागच्या वजनाच्या प्लेटा उचलते. पाण्याऐवजी लोखंड काढणारी विहीर, एवढेच. तार जिथे दांड्याच्या कडीला मिळते तिथे, नेमक्या त्या सांध्यावर, एक तांबडा दोरा गुंडाळलेला होता. पाच-सहा वेढे आणि वर घट्ट गाठ. मला जे टोचले ते या दोऱ्याच्या आतून बाहेर आले होते.

या इमारतीत त्याला दोरा म्हणत नाहीत, गंडा म्हणतात. वस्ताद ज्याला शिष्य करतो त्याच्या मनगटात बांधतो तो. मंगळवार पेठेतल्या या जिमच्या पाठीमागे आकाराम वस्तादांची तालीम आहे. किंबहुना तालमीच्या पुढच्या अंगणात त्यांच्या पुतण्याने, विजयसिंहाने, ही जिम बांधली आहे, आणि दोहोंच्या मध्ये एक निळे लाकडी दार आहे. दाराच्या अलीकडे काचा, आरसे, गाणी. पलीकडे मारुती, तांबड्या मातीचा हौदा आणि ताक, तेल, हळद, लिंबू पिऊन मुरलेल्या त्या मातीचा वास. त्या दारातून बाई जात नाही. कुठे लिहिलेले नाही. लिहिलेले असते तर मी त्याचा पाठ तपासला असता. कळंब्याची संयोगिता गेली चार वर्षे वस्तादांकडे कुस्ती शिकते, त्रेपन्न किलोत जिल्ह्यात तिच्यापुढे कोणी टिकत नाही. पण शिकते ती अलीकडच्या बाजूला, मॅटवर आणि या यंत्रांवर. तिच्या मनगटाला गंडा बांधायचा तर तो हौद्यात उभे करून बांधावा लागतो. वस्तादांनी यावर दोन महिन्यांपूर्वी, खंडेनवमीला, एक तोडगा काढला. त्या दिवशी इथली सगळी यंत्रे धुऊन ओळीने पुजली जातात, पान्या-हातोड्यांसकट, झेंडूच्या माळा घालून. वस्तादांनी गंडा आणला आणि संयोगिताच्या नावाने तो या यंत्राच्या तारेला बांधला. "तुजा हौदा ह्योच," असे म्हणाले म्हणे.

मला हे विजयसिंहाने ऑक्टोबरच्या फेरीत सांगितले तेव्हा मी मनात एक तळटीप लिहिली. तळटीप चांगली होती. संस्था नियम मोडत नाहीत, नियमाला नवे अवयव फुटतात, अशा अर्थाचे काहीतरी. शेवटच्या शब्दापर्यंत मला आठवते, कारण ती लिहिताना मला जे सुख झाले ते अकरा वर्षे महाविद्यालयात तासांवर शिकवताना क्वचितच झाले होते. आणि तळटीप लिहीत असताना माझे हात गंड्याच्या वरपर्यंत तार पुसत गेले, गंड्याशी थांबले, गंड्याच्या खालून पुन्हा पुसत गेले. त्याला हात लावला असता तर वाद झाला असता. वाद जिंकण्याची मला सवय आहे आणि तोच त्या दिवशी नको होता. मी त्या न लावलेल्या हाताला सौजन्य हे नाव दिले. मग यंत्राच्या खांबाला अडकवलेले कार्ड घेतले आणि ‘तार व सांधे’ या रकान्यापुढे ‘ठीक’ लिहून सही केली. नोव्हेंबरात पुन्हा तेच. म्हणजे आज, डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी, माझ्या बोटातून निघालेला हा थेंब माझ्याच अक्षरातल्या दोन शब्दांचे खंडन करत होता, आणि त्याला कोणताही संदर्भग्रंथ लागत नव्हता.

मी बाकावर बसले. मला राग आला होता, आणि माझ्या रागाशी माझा जुना परिचय असल्यामुळे तो कोणत्या दाराने येतो हे मला ठाऊक होते. तो नेहमी एका पुस्तकातून येतो. पुस्तक माझेच: सीमाभागातल्या मठांमधल्या पोथ्या आणि त्यांच्या नकलाकारांच्या चुका. दहा वर्षे मी एवढाच प्रश्न विचारला की चूक प्रवास कशी करते. उत्तर असे की चूक फार कष्टाळू असते. एक नकलाकार डुलकीत एक ओळ गाळतो. दुसरा ती गाळलेली ओळ निष्ठेने गाळतो. तिसऱ्याला गाळलेल्या जागी अर्थही सापडतो. आणि शेवटच्या पानावर हे सगळे हात झटकतात, की समोर जसे होते तसे उतरवले, दोष आमचा नव्हे. कायमच्या जागेसाठी मुलाखत झाली तेव्हा निवड समितीतल्या एका तज्ज्ञांकडे या पुस्तकाची प्रत आधीच पाठवलेली होती. मुलाखतीनंतर ती मला परत मिळाली. आतल्या कागदावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात दोनच शब्द होते: ‘काम पाहिले.’ जागा अर्थातच दुसऱ्या कोणाला गेली, ते सोडा. बांधणीवाल्याच्या हलगर्जीपणामुळे त्या प्रतीत एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर ही पाने कडेने कापलीच गेली नव्हती. ती तशीच, जोडलेलीच परत आली. माझा सगळा सिद्धान्त त्या सोळा पानांत होता. ती प्रत मी सात वर्षे कपाटात ठेवली आहे, न कापता. कोणाला दाखवायला नव्हे. सकाळी साडी काढताना ती दिसते आणि मी दिवसभर ताठ चालते.

त्या मुलाखतीनंतर सहा महिन्यांनी अप्पा गेले आणि उद्यमनगरातला त्यांचा पत्र्याचा गाळा माझ्याकडे आला. अप्पा म्हणजे माझे वडील, चन्नवीर मिस्त्री. कुरुंदवाडच्या घरी कन्नड, गाळ्यावर मराठी आणि लेथशी बोलताना फक्त शिव्या. पूर्वी ते पंपांची कामे करत. शहरात चौकाचौकात जिमा निघाल्या तशी त्यांनी यंत्रांची देखभाल घेतली, महिन्याला एक फेरी. मला कोणी विचारते, बाई, डॉक्टरेट घेऊन हे काय, तेव्हा मी सांगते की विषय बदललेला नाही. खरोखरच बदललेला नाही. प्लेटा ज्या दोन सळ्यांवरून वरखाली होतात त्या पुसाव्यात आणि त्यांवर सिलिकॉनचा फवारा मारावा, तेल घालू नये, कारण तेल धूळ धरते आणि धूळ कानस होते. गादीच्या शिवणीत घामाचे मीठ साठते, ते ओल्या फडक्याने काढावे. प्रत्येक बोल्ट कालही घट्टच होता असे समजून आज सोडून देऊ नये. चाके फिरवून बघावीत. तारेवरून फडके हलके धरून टोकापासून टोकापर्यंत न्यावे. एखादा तंतू तुटलेला असेल तर तो फडक्याला धरतो. अप्पा म्हणायचे, "कैलिंद नोडव्वा." हाताने बघ, बाळे. डोळा वाचतो आणि पुढे जातो, हात अडखळतो. हे वाक्य माझ्या पुस्तकात असायला हवे होते. ते माझ्या पुस्तकात नाही, याचे कारण मी तेव्हा अप्पांकडून काही शिकण्यासारखे आहे असे समजत नव्हते, आणि सुशिक्षित मुलीला शोभेल इतक्या प्रेमाने त्यांच्याशी बोलत असे.

शटर खडखडले आणि विजयसिंह आत आला. तिशीतला, रुंद, मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवणारा; स्वभावाने वाईट नाही, आणि आपण वाईट नाही हे त्याला फार लवकर पटते.

"काय डॉक्टर मॅडम, पेशंट काय म्हणतोय?"

"हा पेशंट बंद," मी म्हणाले. पेटीतून साखळी आणि कुलूप काढून बाकावर ठेवले. "गंड्याखाली तार तुटते आहे. नवी घातल्याशिवाय यावर कोणी बसायचे नाही."

तो वाकून बघू लागला. गंडा जसा होता तसाच होता, तांबडा, मेणचट, गाठीवर कुंकू. त्यातून बाहेर आलेला केसाएवढा तंतू दिसायला त्याला वेळ लागला.

"ह्यो? एवढासा?" तो हसला. "मॅडम, ह्येला तुमी तुटणं म्हंता? पुण्यास्नं तार यायला आठ दिस लागत्यात. रविवारी पोरीची निवड चाचणी हाय. गेल्या साली एका गुणानं गेली बगा तिची. पाठ आन् पकड, दोनच गोष्टी कमी पडल्या, त्या ह्याच यंत्रावर करून घेतल्यात आमी. चार दिस चिकटपट्टी मारा की. हत्ती लोंबकळतोय व्हय त्येला?"

"पंचेचाळीस किलो लोंबकळते. आणि तार सुटली तर तो दांडा तिच्या मानेवर येईल, ओढणाऱ्याचा सगळा जोर घेऊन. मानेमागेच ओढते ना ती?"

मग अडलेला माणूस जे करतो ते त्याने केले: कागद शोधला. खांबावरचे कार्ड काढून उजेडात धरले.

"आन् हे कुणी लिवलंय? ऑक्टोबर, तार व सांधे, ठीक. नोव्हेंबर, तार व सांधे, ठीक. खाली सही. शांभवी चन्नवीर... फुडचं वाचाया येत न्हाय, पर तुमचीच हाय की."

"माझीच."

"मग तवा ठीक आन् आता कुलूप? महिन्यात काय उंदरानं खाल्ली व्हय तार?"

प्रश्न योग्य होता. आणि उत्तर तयार होते, इतके तयार की माझी मलाच शिसारी आली. मधल्या काळात झीज झाल्याचे आजच्या तपासणीत आढळून आले. वाक्य निर्दोष होते. त्यात कर्ता नव्हता, साक्षीदार नव्हता, आणि पोलाद तर बोलत नाही. या जिल्ह्यात ते वाक्य खोडून काढू शकेल असा एकही माणूस नव्हता. विजयसिंहाने मान डोलावली असती, कुलूप लागले असते, पोरीची मान वाचली असती, माझी फेरी चालू राहिली असती. सगळ्यांचे भले करणारे असत्य समोर आले की मला नेहमी ते कोणी लिहिले असेल याची उत्सुकता वाटते. हे लिहिणारा हात मी ओळखला. टपोऱ्या अक्षराचा. सात वर्षे ज्याला मी कपाटातून रोज सकाळी खाली मान घालायला लावत होते तोच हा, आणि तो माझ्या मनगटातून लिहायला निघाला होता. त्यालाही कदाचित एवढेच वाटले असेल, की सोळा पाने कापायला सुरी लागते, सुरी शोधायला उठावे लागते, आणि बाकी पुस्तक तर ठीक दिसते आहे. मी त्याला क्षमा केली नाही. पण पहिल्यांदाच मला तो बसलेला दिसला, खुर्चीत, चहा घेऊन, कंटाळलेला. आणि त्याच्या समोर माझ्यासारखीच कोणीतरी, नीट, सौजन्याने, एका गाठीच्या बाजूने फडके फिरवत होती.

"उंदराने नाही," मी म्हणाले. "मी पाहिले नव्हते."

"म्हंजे?"

"गंडा होता म्हणून हात लावला नाही. न बघता ठीक लिहिले. दोन्ही महिने."

विजयसिंहाने कार्डाकडे बघितले, माझ्याकडे बघितले. त्याची पंचाईत झाली होती. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने दार उघडून दिले की त्याला आत काय बोलायचे ते आठवत नाही. "आता आमी कुणावर इस्वास ठेवायचा वं मॅडम?" एवढेच तो म्हणाला, आणि ते त्याने रागाने म्हटले असते तर मला सोपे गेले असते.

एवढ्यात निळे दार उघडले. आकाराम वस्ताद सत्तरीपुढचे आहेत. दोन्ही कान कुस्तीने चुरगळून शिंगाड्यासारखे झालेले, गुडघे सुजलेले, चालताना पाय आधी जमिनीला विचारतो. त्यांच्या मागून ताकाचा आणि मातीचा वास आला. त्याच वेळी शटरखालून संयोगिता वाकून आत आली, पाठीला पिशवी, केस कापलेले, सरावाच्या वेळेआधी तासभर. तिने साखळी बघितली आणि जागीच उभी राहिली.

"मास्तरीणबाई," वस्ताद म्हणाले, "सगळं आयकलंय मी आतनं. कान मोडल्यात, फुटलं न्हाईत. पर गंड्यानं तार कशी तुटंल? दर शनवारी मारुतीचं तीर्थ घालतोय त्येला. तेल घालतोय. मातीला जे पाजतोय तेच पाजतोय की."

मी समजावून सांगितले. प्लास्टिकचे आवरण त्या वाकणीवर आधीच चिरलेले असणार. सुती दोरा पाणी धरून ठेवतो. पाणी चिरेतून आत जाते, वरून तेल बसते म्हणून सुकत नाही. आत लोखंड कुजते. आठ-नऊ शनिवार झाले.

वस्तादांनी ऐकून घेतले. "मातीला मानवतंय," ते म्हणाले, "ते लोखंडाला न्हाई मानवत व्हय?"

"नाही मानवत, वस्ताद."

मी पेटीतून कात्री काढली. त्यांनी हात आडवा केला. "कापायचा न्हाय. मी बांधलाय, मीच सोडनार."

आणि ते बाकावर बसले. गाठ तेलाने आणि कुंकवाने दगड झाली होती. त्यांची बोटे जाड, नखे चपटी, एक करंगळी कधीकाळी मोडून तशीच जुळलेली. पाच मिनिटे गेली, सात गेली. विजयसिंह एकदा म्हणाला, "काका, द्या इकडं," आणि वस्तादांनी त्याचा हात कोपराने बाजूला सारला. मी पोथ्यांची चिकटलेली पाने वेगळी करताना मठांतली म्हातारी माणसे पाहिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर भक्ती असते असे लोक म्हणतात, मला तिथे नेहमी पान फाटेल ही भीतीच दिसली, आणि त्या भीतीचा मी आदर करते. शेवटी गाठ सुटली. वेढे उलगडत गेले, एकेक आतला वेढा बाहेरच्याहून काळपट. शेवटचा तर पुरता तपकिरी, लोखंडाला चिकटलेला. तो सुटला तेव्हा त्याच्याबरोबर आवरणाचा एक तुकडा निघून आला आणि आतली तार उघडी पडली, गंजाने फुललेली, तंतू विस्कटून चहूकडे वळलेले, एखाद्या झिजलेल्या केरसुणीसारखे. मी मोजले. मोजायची गरज नव्हती. अर्ध्याहून अधिक गेले होते.

वस्तादांनी अंगठा तिथे ठेवला, दाबला, आणि अंगठ्यातून रक्त आल्यावर मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. त्यांचीही पद्धत तीच आहे, अप्पांची.

"काल पन्नास लावलं हुतं मी ह्यावर," संयोगिता म्हणाली. "मानंमागं. धा धाचं चार सेट."

चाळीस वेळा. माझ्या दोन सह्यांच्या भरवशावर चाळीस वेळा तो दांडा तिच्या मानेमागच्या त्या बारीक केसांपर्यंत आला होता आणि परत गेला होता. मी कार्ड मागून घेतले. ऑक्टोबरपुढचे ‘ठीक’ एका सरळ रेघेने खोडले, खालचा शब्द वाचता येईल असे, कारण खोडलेले वाचता आले पाहिजे हा माझ्या विषयातला पहिला नियम आहे. नोव्हेंबरपुढचेही खोडले. दोन्ही ठिकाणी लिहिले, ‘काम पाहिले नाही’, आजची तारीख घातली आणि पूर्ण सही केली, विजयसिंहाला न लागलेल्या अक्षरांसकट. मग साखळी खांबातून आणि दांड्यातून ओढून कुलूप लावले. किल्ली खिशात घातली. मला बरे वाटत होते असे मी म्हणणार नाही. पण पुष्कळ दिवसांनी मी ताठ होते ती कोणाच्या तरी चुकीला टेकून नव्हे.

"फुडच्या महिन्यात दुसरा मानूस बगू काय?" विजयसिंहाने वस्तादांना विचारले, मी तिथे नसल्यासारखे.

"का? हितं तिनंच सापडिवलं आन् तिनंच सांगितलं," वस्ताद म्हणाले. "दुसरा काय करंल? ठीक लिवंल."

"मग चार दिस ह्या पोरीनं करायचं काय? भिंतीतल्या दांड्याला लोंबकळ म्हणावं."

"दांड्यानं पकड येत न्हाय. दांडा गप ऱ्हातोय. पकड याची तर हातातलं हललं पायजे."

"दोर हाय की," संयोगिता म्हणाली.

ती कोणाकडेही बघत नव्हती. बुटाच्या टोकाने मॅटची कड दाबत होती. दोर कुठे आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. तालमीच्या तुळईला बांधलेला, मनगटाएवढा जाड, बरोबर हौद्याच्या मध्यावर सोडलेला. त्यावर चढायचे तर आधी मातीत उभे राहावे लागते.

"आत," वस्ताद म्हणाले.

"व्हय. आतच. मी चढतो की, वस्ताद. तुमी हो म्हणा निस्तं."

निळे दार उघडेच होते. वस्तादांच्या मुठीत तो काळपटलेला दोरा होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. मी असे प्रसंग कागदावर पुष्कळ पाहिले आहेत. नंतर येणारे लोक त्यांना परिवर्तन म्हणतात आणि त्यांच्या शताब्द्या करतात, पण जवळून पाहिले तर तिथे बहुधा एक मोडलेली वस्तू असते, चार दिवसांची मुदत असते, आणि दुसरा इलाज उरलेला नसतो. म्हाताऱ्याने नियमाचा विचार केला असेल असे मला वाटत नाही. त्यांनी आपल्या अंगठ्यावरचे रक्त धोतराला पुसले आणि तिच्या मानेकडे पाहिले.

"मारुतीला नमस्कार करून याचं," ते शेवटी म्हणाले. "आन् पयलं दोर तपासायचा. मास्तरीणबाई, तुमी बगता?"

"पाहते."

"नीट?"

"हाताने."

"गंडा?" संयोगिताने विचारले.

"आदी वर चढ. खाली आलीस म्हंजे बगू गंड्याचं."

मी चपला काढल्या आणि दारातून आत गेले. वर्णन करावे असे काही घडले नाही. माती गार होती, मऊ, पायाच्या बोटांतून वर येणारी. अप्पांच्या गाळ्यात तेल टिपायला पसरलेल्या लाकडाच्या भुशासारखी. काचेच्या कपाटात हुपरीच्या चांदीची गदा होती, मारुतीपुढे निरांजन. मी दोर धरला आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत वीतवीत चाचपत गेले, पीळ उलगडून आत नख घालून. सुका होता, तळव्यांनी गुळगुळीत झालेला, कुठे तंतू सुटलेला नव्हता. दुखऱ्या बोटाला तो कोरडा, खरा लागत होता. डोक्याच्या वर माझा हात पोचेना.

"झालं?" विजयसिंहाने दारातून विचारले.

"शिडी आणा."

"शिडी? वरची गाठ आजानं बांधलीया मॅडम. पन्नास वर्सं झाली, कुणी हात लावला न्हाय तिला."

"म्हणूनच आणा."

तो वस्तादांकडे वळला. वस्तादांनी हनुवटीने कोपरा दाखवला. शिडी आली, मातीत रुतली, विजयसिंहाने दोन्ही हातांनी धरली. मी चढले. वर अंधूक होते, तुळईवर धुळीची साय, चिमण्यांच्या जुन्या काड्या. गाठ दोन मुठींएवढी होती. पुढून चांगली दिसत होती. पुढून सगळ्याच गाठी चांगल्या दिसतात. मी काड्या काढून टाकल्या, एक हात तुळईच्या पलीकडून घातला आणि जिथे दोर लाकडावर घासतो तिथे, जे खालून किंवा वरून कोणालाच कधी दिसले नसते, बोटे नेली. थोडी झीज होती, एका बाजूने, पुस्तकाच्या कोपऱ्याएवढी. मी तिथे थांबले. पुन्हा चाचपले, दुसऱ्या हाताने, मग दोर हाताला गुंडाळून सगळे वजन टाकून ओढला आणि पुन्हा चाचपले. खालून कोणी घाई केली नाही. पीळ अखंड होता. तीनही लड्या आत जिवंत होत्या, घट्ट, एकमेकींना धरून.

"पाहिला," मी वरून म्हणाले.

खाली दाराशी दोन बूट, एकापाठोपाठ, फरशीवर पडल्याचा आवाज आला.